नंबर लागला

डोळे मिट आणि जरा माझ्याबरोबर ये. तू एका रांगेत आहेस असं समज. शाळेत खिचडीसाठी लागते तशी रांग नाही. तिथे पुढच्याच्या शर्टाची शिवण दिसते, त्याच्या डोक्यावरच्या तेलाचा वास येतो, तो सरकला की आपणही सरकतो. या रांगेत पुढचा दिसत नाही आणि मागचाही दिसत नाही. आपण आपल्याच घरात खुर्चीवर बसलेले असतो, तरी रांगेत असतो. चहा पिताना रांगेत, झोपेत रांगेत. आपण सरकलो की नाही हे आपल्याला कळत नाही, ते कोणीतरी फोन करून सांगावं लागतं. गोंदियाजवळच्या कुडव्यात राहणारे ताराचंद गुरुजी अशा रांगेत पाच महिने होते. वय अडुसष्ट. प्राथमिक शाळेत मुलं शिकवून निवृत्त झालेले. बायको, कलाबाई, दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगा कोरचीला असतो. गुरुजींनी विजेवर चालणारी मोटार मागितली होती, आणि अशा मोटारी मागणारे इतके झाले होते की देणाऱ्याच्या हातून त्या उरकत नव्हत्या.

फोन आला तेव्हा गुरुजी वांगी चिरत होते. मे महिन्यातले साडेदहा, म्हणजे ऊन अंगणातून उठून ओसरीवर येऊन बसलेलं. फोनवर शोरूममधली रीता होती. तिच्या मागे कसलं तरी मशीन घुरघुरत होतं. “नमस्ते सर. बधाई हो, आपका नंबर लग गया!” गुरुजींनी विळीवरचा पाय काढला. “लागला?” त्यांनी विचारलं. “हाँ सर, लग गया. कंपनी से अभी आया है. एक बार आ जाइए, साइन लगेगा.” मग मशीनचा आवाज वाढला आणि फोन बंद झाला. अर्धं चिरलेलं वांगं हातात तसंच होतं. बाहेरून दोन-तीन मोटारसायकली गोंदियाकडे गेल्या, आणि त्या गेल्यावर घर आधीपेक्षा जास्त शांत झालं. घरात एकट्या माणसाला आनंदाची बातमी कळली की एक अडचण होते. ती बातमी कुठे ठेवावी हे त्याला कळत नाही. गुरुजी उठले, पाणी प्यायले, परत बसले. नंबर लागला. आयुष्यात हे शब्द त्यांच्या वाट्याला तीन-चारदाच आले होते. डी.एड.ला नंबर लागला तेव्हा त्यांचे वडील शेतांच्या धुऱ्याधुऱ्याने, बांधावरून, पळत आले होते, एका पायात चप्पल नव्हती, आणि लांबूनच ओरडत होते, “ताऱ्या, नंबर लागला तुझा!” दुसऱ्याच्या बांधीत धानाच्या रोवणीला जाणारा तो माणूस त्याआधी किंवा त्यानंतर कधी पळताना गुरुजींनी पाहिला नाही. नंबर लागणं म्हणजे थांबणं संपणं. आत बोलावलंय. दार उघडलंय.

शब्दांचं असं होतं. एकच शब्द पण किती जणांच्या घरी राहतो. बोदलकशाच्या शाळेत गुरुजी अकरा वर्षं होते. तलावाच्या पाळीजवळ दोन खोल्या, खिडकीतून पाणी दिसायचं आणि दुपारी त्या पाण्याची थरथर छतावर नाचायची. चौथीच्या मुलांना ते फळ्यावर एकच शब्द लिहून द्यायचे, ‘लागणे’, आणि म्हणायचे, करा वाक्यं. मले भूक लागली. जाळ्याले मासे लागले. तनसीच्या ढिगाले आग लागली. माह्या बाले दारूचा नाद लागला. वर्ग हसायचा, ते वाक्य करणारा हसायचा नाही. रुख्मा नावाची एक मुलगी होती, तिची आई वीटभट्टीवर गेलेली असायची. ती म्हणाली, “मायची वाट पाहा लागते.” गुरुजी म्हणाले, हे वेगळं लागणं आहे, हे दुसऱ्या क्रियापदाला टेकून उभं राहतं, पुढच्या वर्गात शिकशील. रुख्मा उभीच राहिली. “पण मले आताच लागते ना जी,” ती म्हणाली. त्या दिवशी गुरुजींनी तिला बस म्हटलं आणि पुढचं वाक्य घेतलं. आज तीस-पस्तीस वर्षांनी, वांग्याचा काळा पडत चाललेला काप बघताना, त्यांना वाटलं की तेव्हा काहीतरी अजून म्हणायला हवं होतं. काय, ते अजूनही सुचत नव्हतं.

‘गाडी लागते’ हे वाक्य मात्र त्या वर्गात कोणी केलं नव्हतं, कारण त्यातली फार थोडी मुलं तेव्हा गाडीत बसली होती. ते वाक्य गुरुजींच्या घरात पुढे आलं, नातीबरोबर. संबोधीला गाडी लागते. नऊ वर्षांची आहे. कोरचीहून गोंदियाला यायचं म्हणजे चिचगड, देवरी, आमगाव, सगळा जंगल आणि वळणांचा रस्ता. मागच्या दिवाळीत येताना तिला इतकं झालं की देवरीला उतरवून सलाईन लावावं लागलं. तिची आई, अल्का, नर्स आहे. घाबरणारी बाई नाही. पण परत जाताना ती म्हणाली, “बाबा, राग नका मानू. आता मी हिला इतकं दूर गाडीत नाही बसवणार. मोठी झाली की येईल.” मोठी झाली की. गुरुजींनी जन्मभर नऊ वर्षांची मुलं पाहिली होती. ती मोठी होतात म्हणजे काय होतं हे त्यांना माहीत होतं. ती रस्त्यात भेटली की वाकून पाया पडतात आणि मोटारसायकलला किक मारतात. ते स्वतः दोन एसट्या बदलून कोरचीला जाऊन आले होते, नाही असं नाही. पण तिथे दोन खोल्यांचं क्वार्टर. त्यांना खाट दिली की रत्नपाल, त्यांचा मुलगा, खाली निजायचा, अल्का ड्युटीवरून आली की स्वतःच्या घरात पाय न वाजवता चालायची. दुसऱ्या दिवशी गुरुजी पिशवी उचलायचे. मग एकदा फोनवर संबोधीच म्हणाली, “आबाजी, मले त्या पेट्रोलच्या वासानं होते ना. वास नसता तं नसतं झालं.” तिथून सगळं सुरू झालं. गुरुजींनी पेपरात वाचलं होतं की अशा गाड्या आल्या आहेत, त्यांत पेट्रोल नाही, धूर नाही, इंजिनाची थरथर नाही. निवृत्तीनंतर हौसेने काढलेलं लायसन्स कपाटात होतंच. डिसेंबरात ते शोरूमला गेले. आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला संबोधीचा फोन वाजायचा. “लागला का नंबर?” “नाही अजून.” मग ती विचारायची, पेट्रोल नाही तर चाक फिरतं कसं? गुरुजी सांगायचे, लोहचुंबक घे, तारेचं वेटोळं घे. पाच महिने तो वर्ग चालला. पटावर एकच मुलगी. खरं सांगायचं तर कधीकधी सात वाजायच्या आधी गुरुजींच्या मनात एक वाईट विचार यायचा, की गाडी आली की हा प्रश्न संपेल, मग ही काय विचारायला फोन करेल? तो विचार ते पटकन बाजूला सारायचे, वहीतलं चुकलेलं पान दुमडून ठेवावं तसा.

त्या दिवशी मात्र सात वाजेपर्यंत त्यांना दम धरवला नाही. त्यांनी फोन लावला आणि वडिलांसारखेच ओरडले, “बोधी, नंबर लागला!” पलीकडे फोन आदळला. मग दूरवर तिचा आवाज, “आई, आबाजीची गाडी आली! गाडी आली!” नंबर लागला आणि गाडी आली यांत फरक आहे, हे गुरुजींना कळलं. पण त्यांनी तिला हाक मारून ते वाक्य दुरुस्त केलं नाही. संध्याकाळी रत्नपालचा फोन आला. “बाबा, पक्कं ना? मी रविवारी पोरीले घेऊन येतो. पण अल्काचं म्हणणं आयकून घ्या. तुमच्या गाडीत तिले काही नाही झालं, तं दर शनिवारी या अन् घेऊन जा, आमची ना नाही. अन् झालं, तं मंग हा विषय काढायचा नाही. दहावीपर्यंत नाही.” गुरुजी म्हणाले, “मंजूर.” एवढं सोपं होतं ते. ओसरीच्या भिंतीवर त्यांनी गाडीसाठी जाड वायरचा प्लग कधीचा बसवून घेतला होता. कुंपणापलीकडून शेजारचे श्यामलाल त्याच्याकडे बघत म्हणाले, “काऊन गुरुजी, मांडव तं फागुनातच घातला तुम्ही. नवरदेव कुठी अडकला?” “नंबर लागला, श्यामलालजी.” “मंग मिठाई आना! अन् गाडी चालवा लागते तं तो चष्मा पुसत जा जी. कालपासून तुम्ही माह्या बकरीलेच नमस्कार करून राहिले.” गुरुजी हसले. बऱ्याच दिवसांनी हसलं की तोंडाच्या कडा ताणल्यासारख्या होतात, तसं झालं.

रविवारी दुपारी रत्नपालच्या मित्राची जीप दारात थांबली. संबोधी उतरली ती सरळ पायरीवर बसली, चेहरा वाळलेल्या लिंबासारखा. “दोनदाच झाली आबाजी,” ती म्हणाली, त्यात अभिमान होता. रत्नपाल जेवून लगेच परतला, त्याला सोमवारी ऑफिस होतं. संबोधी चारला झोपली ती उजाडेपर्यंत. गुरुजी अधूनमधून जाऊन तिचा पंखा बघून आले. घरात दुसऱ्या कोणाचा श्वास चालू असला की भिंती जरा जवळ येतात. सकाळी तिने पिवळा फ्रॉक घातला, केस स्वतः विंचरले, आणि दोघं स्कूटीवरून शोरूमला निघाले. स्कूटीवर तिला काही होत नाही, तोंडावर वारा लागतो. पण कोरचीचा रस्ता या वयात स्कूटीवर होत नाही.

काचेच्या आत थंड होतं. मधोमध एक पांढरी गाडी उभी होती. संबोधी तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारून आली, पाठीमागे हात बांधून, वंदनेला विहारात जाते तशी. “हीच का आबाजी?” रीता पुढे आली. पंचविशीची, चटपटीत, गळ्यात ओळखपत्र. “अरे नहीं बेटा, ये तो डेमो है.” मग तिने गुरुजींपुढे एक कागद ठेवला. “सर, यहाँ साइन. और ये देखिए आपका नंबर. चौंतीस.” गुरुजींनी कागद पाहिला, चष्मा काढून पाहिला, लावून पाहिला. “चौतीस म्हणजे?” “मतलब लाइन में आपका चौंतीसवाँ नंबर लगा. पहले तो लिस्ट में ही नहीं थे ना आप, कंपनी ने अभी लगाया.” “पण तुम्ही म्हणाल्या नंबर लागला.” “हाँ तो लगा ना सर!” रीताने त्यांच्याकडे पाहिलं, मग पिवळ्या फ्रॉककडे पाहिलं, आणि तिचं हसू अर्ध्यात थांबलं. “आप समझे कि गाड़ी आ गई? नहीं सर... जनवरी पकड़के चलिए आप. उसके पहले तो...” गुरुजी सांगणार होते की मराठीत नंबर लागला म्हणजे पाळी आली, वाट पाहणं संपलं, आणि तुमच्या हिंदीत नंबर लगा म्हणजे वाट पाहायला आता कुठे सुरुवात झाली. जन्मभर भाषा शिकवली. गोंदियात जन्म गेला, दोन्ही भाषा कानांवर घेत. आणि दोन शब्दांवर पडलो. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. संबोधी त्यांच्या हाताकडे बघत होती, पेन धरलेल्या. “म्हणजे लागला नाही?” तिने विचारलं. “लागला,” गुरुजी म्हणाले. “पण लागला नाही.” एरवी ती यावर हसली असती. ती म्हणाली, “मंग आज आपण काहीच नाही करायचं?” कोरचीला तिची आई वाट बघत असणार, झालं की नाही झालं, एवढ्या एका शब्दाची. गुरुजींनी सही केली. ती नेहमीसारखी आली नाही.

रीता दोन मिनिटं आत जाऊन आली, हातात किल्ली. “सर, बच्ची इतनी दूर से आई है. एक चक्कर ले लीजिए इसी डेमो में. फुलचूर के आगे तक. आप ही चलाइए, मैं बाजू में बैठती हूँ.” संबोधी मागे बसून, पट्टा लावून तयारही झाली.

गाडी सुरू झाली हे गुरुजींना कळलंच नाही. आवाज नाही, थरथर नाही. खिडकीबाहेर रस्ता आपणहून मागे जाऊ लागला. पाय उचलला की गाडी स्वतःच मंदावायची, कोणीतरी मागून सदऱ्याला धरावं तशी, आणि पाय ठेवला की एकदम सुटायची. “ऐसा ही है सर, आदत लग जाएगी,” रीता म्हणाली. पेट्रोलचा वास नव्हता. त्याच्या जागी नव्या प्लास्टिकचा होता, गोडसर, डोक्यात बसणारा. घरं संपली, उन्हाळी धानाच्या बांध्या आल्या, काही कापलेल्या, काही उभ्या. रीताने मागे वळून विचारलं, “कैसी लगी बेटा?” “छान,” संबोधी म्हणाली. गुरुजींनी समोरच्या आरशात पाहिलं. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि नजर दूर एका झाडावर होती, आणि मग तिचा गळा हलला, वरून खाली, एकदा. परत एकदा. ती गिळत होती.

तो गळा गुरुजींच्या ओळखीचा होता. चाळीस वर्षांपूर्वी, नागपूरला दीक्षाभूमीला जाताना एसटीत, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, भंडाऱ्याच्या पुलाजवळ कलाबाईला उलटी झाली. खिडकी उघडेपर्यंत लुगड्यावर आणि थोडी पुढच्या माणसाच्या पिशवीवर. बसमध्ये शाळेतले दोन सहकारी होते. गुरुजी तेव्हा सत्तावीस वर्षांचे, इस्त्रीचा सदरा, नवी नोकरी. ते उठले आणि दोन बाकं पुढे जाऊन बसले, जणू ती बाई कोणा दुसऱ्याचीच आहे. सहकाऱ्याशी पगारवाढीबद्दल बोलत राहिले. नागपूर येईपर्यंत मागे वळून पाहिलं नाही. कलाबाई त्यावर कधी काही बोलली नाही. आणि त्यानंतर तिला कधी उलटीही झाली नाही, इतक्या वर्षांत एकदाही नाही. ती खिडकीपाशी बसायची, दूर कुठेतरी बघायची, विचारलं तर म्हणायची, “काही नाही जी.” गुरुजी लोकांना सांगत आले होते, आमच्या हिला आधी गाडी लागायची, सवयीनं गेली. सवयीनं गेली. ती गेल्यावर भेटायला आलेल्या पाहुण्यांनाही सांगितलं होतं. आता आरशात हा छोटा गळा वरखाली होताना बघून, गाडी चालवता चालवता, त्यांना कळलं की काहीही गेलेलं नव्हतं. शेजारच्या बाकावर एक बाई जन्मभर गिळत बसली होती, आणि ते पेपर वाचत होते.

त्यांनी गाडी कडेला घेतली. “क्या हुआ सर?” रीताने विचारलं, तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती बोलू लागली. गुरुजी मागे वळले. “बोधी, लागली का?” “नाही.” “खरं सांग बेटा. मी कोणाले नाही सांगत.” ती त्यांच्याकडे पाहत राहिली. कोणाला नाही सांगत म्हणजे काय, हे मुलांना आपल्यापेक्षा लवकर कळतं. सांगायचंच होतं. आज संध्याकाळी कोरचीला एक शब्द सांगायचा होता आणि तो शब्द त्या दोघांपैकी कोणाला तरी उच्चारावा लागणार होता. “नाही ना आबाजी,” ती म्हणाली. “मले सू लागली.” पट्टा काढून ती उतरली आणि रस्त्याच्या खाली, विटांचा एक ढीग होता, त्याच्या मागे गेली.

ढीग पूर्ण आड येत नव्हता. दाराबाहेरच्या आरशात पिवळा फ्रॉक दिसत होता. ती वाकली, एक हात गुडघ्यावर. एकदा. थांबली. पुन्हा एकदा. तू गाडीत असतास तर काय केलं असतंस? धावत गेला असतास, पाठीवरून हात फिरवला असतास. गुरुजींचा हात दाराच्या कडीवर होता. पण आपण उतरलो की आपण पाहिलं असं होईल, आणि पाहिलं की मग कोरचीला खोटं सांगता येणार नाही, आणि खरं सांगितलं की दहावीपर्यंत नाही. आणि नाही उतरलो, तर पुन्हा एकदा दोन बाकं पुढे. कडी गार होती. त्यांनी ती ओढली. दार उघडलं, उन्हाचा झोत आत आला, एक पाय रस्त्यावर टेकला, आणि तेवढ्यात आरशात संबोधीने तोंड फ्रॉकच्या आतल्या बाजूने पुसलं. चपलेने चारी बाजूंची माती ओढली, झालेल्यावर टाकली, नीट दाबली. एक विटेचा तुकडा उचलून त्यावर ठेवला. मग ती ताठ चालत आली. गुरुजींना अर्धे बाहेर, अर्धे आत पाहून ती क्षणभर थांबली.

“मी काही नाही म्हणणार,” गुरुजी म्हणाले. “पण आता गिळायचं नाही, बोधी. कोणासाठी नाही. माह्यासाठी तं बिलकूल नाही.”

संबोधी मागच्या सीटवर चढली, दार लावलं. मग दोन सीटांच्या मधून पुढे वाकली, हात लांब केला, आणि समोरचा आरसा वर, छताकडे, असा फिरवला की आबाजींना त्यात ती दिसू नये. “आंटी, चौतीसच ना?” तिने फोन ठेवणाऱ्या रीताला विचारलं, पट्टा ओढत. “मंग ठीक आहे. जानेवारीपर्यंत सवय लागते. चला, आबाजी.”